३८ सेंटीमीटरची दुर्बीण आणि भुसावळची खोली: अल्ट्राव्हायोलेट डेटावर ताऱ्यांचा अभ्यास कसा सुरू करायचा

एमएस्सीची पोरं प्रोजेक्टचा विषय शोधायला लागली की दरवर्षी तेच बघतो, थिन फिल्म नाहीतर सोलर सेल, आणि तेही नाही जमलं तर सिनियरची जुनी फाईल. खगोलशास्त्राचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "सर, आपल्याकडे कुठे दुर्बीण आहे". एकजण तर म्हणाला, भो, खान्देशात राहून आकाशाचं काय करणार, ते पुण्या-मुंबईवाल्यांचं काम. त्याला म्हटलं एकदा चाळीसगावजवळ पाटणला जाऊन ये, भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला होता, १२०७ सालचा शिलालेख आहे त्याचा. आता तर कुठे जायचीही गरज नाही. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची दुर्बीण वर फिरतेय आणि तिचा डेटा फुकट मिळतो.

मी काही मोठा संशोधक नाही. भुसावळला फिजिक्सचे क्लास घेतो आणि रात्री जेवणं झाली की हे वेड घेऊन बसतो. खाली जे लिहिलंय ते सगळं चुका करत शिकलेलं आहे, त्यामुळे कुठे जास्त बोललो तर समजून घ्या की तिथेच मी जास्त आपटलो होतो.

सामान काय लागतं: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो, १६ असेल तर आनंद. पायथन, डीएस९ (फोटो बघायला), टॉपकॅट (ताऱ्यांच्या याद्या जुळवायला), हे सगळं फुकट आहे. आणि एक दोनशे पानी वही. वही नसेल तर पुढचं वाचू नका, खरंच सांगतो.

पहिली पायरी: अल्ट्राव्हायोलेटच का, हे नीट डोक्यात बसवा

भुसावळचा मे महिना आठवा. दुपारी दोनला पारा ४५ च्या पुढे, बाजारात चिटपाखरू नाही, शटर अर्धी खाली, सगळी गर्दी घरात कूलरसमोर. रस्त्यावर जे दोन-चार दिसतात ते सहज फिरायला आलेले नसतात, काहीतरी कारण असतं म्हणूनच बाहेर असतात. अल्ट्राव्हायोलेटमध्ये आकाशाचं तसंच होतं. साध्या फोटोत हजारो तारे दिसतात त्यातले बहुतेक थंड, ते गायब होतात, आणि जे उरतात त्या प्रत्येकाकडे तिथे असण्याचं कारण असतं. आपलं काम फक्त ते कारण शोधणं.

हिशोब सोपा आहे. २९ लाखाला ताऱ्याच्या केल्विनमधल्या तापमानाने भागा, तो तारा कुठल्या नॅनोमीटरला सगळ्यात जास्त चमकतो ते मिळतं. सूर्य साधारण ५८०० म्हणजे ५००, हिरव्याच्या आसपास. काक्षी, मृगातला तो तांबडा, साधारण ३५००, म्हणजे ८३० च्या जवळ, इन्फ्रारेडमध्ये गेला. आणि चित्रा साधारण २५,०००, म्हणजे ११६ नॅनोमीटर, डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी अलीकडे. म्हणजे चित्रेचा आपल्याला जो प्रकाश दिसतो तो तिच्या एकूण प्रकाशाचा लहानसा हिस्सा आहे, मोठा माल अल्ट्राव्हायोलेटमध्येच जातो.

आणि तो माल खाली पोचत नाही. साधारण ३०० नॅनोमीटरच्या खालचं ओझोन खातो, आणखी खाली गेलं की साधा ऑक्सिजनसुद्धा खातो. म्हणून तोरणमाळला कितीही काळंकुट्ट आकाश मिळो, अल्ट्राव्हायोलेटच्या बाबतीत तोरणमाळ आणि भुसावळ स्टेशनचा प्लॅटफॉर्म एकच. वर जावंच लागतं.

दुसरी पायरी: आपली दुर्बीण ओळखून घ्या

२८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० ने ॲस्ट्रोसॅट सोडला, ६५० किलोमीटर उंचीच्या कक्षेत. त्यावरची यूव्हीआयटी, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट इमेजिंग टेलिस्कोप, आपल्या कामाची. खरं तर त्या दोन जुळ्या दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा आरसा साधारण ३८ सेंटीमीटरचा, म्हणजे १५ इंच, एवढी दुर्बीण हौशी लोकांच्या गच्चीवरसुद्धा असते. एक दुर्बीण १३० ते १८० नॅनोमीटर बघते, याला फार-यूव्ही म्हणतात. दुसरीत प्रकाश दोन भागात वाटला जातो, २०० ते ३०० नियर-यूव्ही आणि त्याच्यावरचा दृश्य भाग. दृश्यवाला भाग मुख्यतः उपग्रह किती हललाय ते मोजायला वापरतात, कारण उपग्रह फोटो काढताना स्थिर नसतो, डोलत असतो, आणि ते डोलणं नंतर वजा करावं लागतं.

इथे एक गोष्ट वहीत लाल पेनने लिहून ठेवा: मार्च २०१८ मध्ये नियर-यूव्हीचा चॅनल बंद पडला. त्यानंतरच्या डेटात फक्त फार-यूव्ही मिळेल. तुम्हाला दोन्ही रंग पाहिजे असतील तर त्याआधीची निरीक्षणं शोधा. मी नोव्हेंबर २०१८ च्या एका निरीक्षणात नियर-यूव्हीच्या फाईल शोधत अख्खा रविवार घालवला होता, मला वाटलं माझंच डाउनलोड अर्धवट झालं.

एवढीशी दुर्बीण काय कामाची असं वाटेल. हबलचा आरसा २.४ मीटरचा, पण तो एका वेळी आकाशाचा अगदी छोटा तुकडा बघतो. यूव्हीआयटी २८ आर्कमिनिटांचा गोल बघते (एका अंशात ६० आर्कमिनिटं, एका आर्कमिनिटात ६० आर्कसेकंद), जवळजवळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा, म्हणजे अख्खा तारकागुच्छ एका फोटोत. तिच्या आधीची गॅलेक्स, नासाची, २००३ ला गेलेली, ५० सेंटीमीटरची, ती तर १.२ अंशाचा गोल बघायची आणि तिने बरंचसं आकाश पालथं घातलं, पण तिचे तारे ५ आर्कसेकंदापर्यंत पसरलेले, यूव्हीआयटीचे साधारण दीड. गुच्छात हा फरक फार मोठा पडतो, गॅलेक्सला जो एक ठिपका दिसतो तो यूव्हीआयटीत तीन निघू शकतो. आणि आणखी मागे गेलात तर आययूई, ४५ सेंटीमीटरची, १९७८ ते १९९६ चालली आणि एक लाखाच्या वर स्पेक्ट्रम देऊन गेली. लहान आरशांनी या विषयात भरपूर कमावलंय.

जाता जाता, अल्ट्राव्हायोलेट दुर्बिणीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण तर घाण. चष्म्याला तेलाचा हात लागला तर आपण शर्टाने पुसतो, इथे आरशावर काही नॅनोमीटर जाडीचा वाफेचा थर बसला तरी फार-यूव्हीचा प्रकाश खाल्ला जातो, आणि पुसायला वर कोण जाणार. उपग्रह वर गेला की त्याच्या गोंदातून, वायरींतून वाफा निघतात, म्हणून यूव्हीआयटीची झाकणं सोडल्यावर सुमारे दोन महिने उघडलीच नाहीत, सगळं हवेशीर होऊ दिलं आणि मग उघडली.

तिसरी पायरी: काही डाउनलोड करायच्या आधी नुसतं बघा

ब्राउझरमध्ये अलादीन लाइट उघडा. आकाशाचा नकाशा येतो, त्यात थर बदलता येतात. आधी डीएसएसचा, म्हणजे साध्या दृश्य प्रकाशातल्या फोटोंचा, रंगीत थर लावा, मग गॅलेक्सचा. एकाच जागी दोन्ही थर आलटून-पालटून बघत राहायचं, आठ दिवस हेच करा, चहा पीत. हे मोबाईलवरही होतं.

काय बघायचं? देवयानी दीर्घिका बघा, मधला पिवळा गोळा फिका पडतो आणि बाहेरची तरुण ताऱ्यांची कडी उजळतात. मग ओमेगा सेंटॉरी, हा गुच्छ एप्रिल-मे मध्ये आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजावर साधारण २१ अंश वर येतो, केळीच्या बागेच्या बांधावर उभं राहून बायनॉक्युलरने बघितलाय मी. आणि मग मीरा, तिमिंगल समूहातला तो फुगणारा-आकसणारा तांबडा तारा. त्याला चारशे वर्षं लोक बघत होते आणि २००७ मध्ये गॅलेक्सच्या फोटोत कळलं की त्याला १३ प्रकाशवर्षं लांब शेपूट आहे. साध्या फोटोत त्या शेपटीचा पत्ता नाही. थर बदलून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, माझ्याकडचा एक पोरगा तिथूनच या नादाला लागला.

बघताना एक लक्षात येईल की काही ठिकाणी गॅलेक्सच्या नकाशात भोकं आहेत, म्हणजे डेटाच नाही. ते चुकून राहिलेलं नाही. हे डिटेक्टर इतके हळवे असतात की तेजस्वी गरम तारा समोर आला तर ते कायमचे खराब होऊ शकतात, म्हणून तशा जागा टाळल्या जातात. म्हणूनच "सर मी मृगाच्या राजन्यावर प्रोजेक्ट करतो" असं कोणी म्हणालं की मी आधीच थांबवतो.

चौथी पायरी: प्रश्न लहान निवडा

इथेच निम्मे लोक गळतात, कारण सगळ्यांना ब्लॅक होल पाहिजे असतं. मी सरळ सांगतो, पहिल्यांदा एम६७ घ्या. कर्क राशीतला तारकागुच्छ, आकाशातले निर्देशांक ८ तास ५१ मिनिटं, अधिक ११ अंश ४८ मिनिटं. वय साधारण ४ अब्ज वर्षं, अंतर सुमारे २८०० प्रकाशवर्षं. वाटेत धूळ कमी आहे, गायाचा (ताऱ्यांची जागा, अंतर आणि चाल मोजणारा युरोपचा उपग्रह) डेटा उत्तम आहे आणि त्याच्यावर आधी भरपूर काम झालंय म्हणजे आपलं उत्तर तपासून बघता येतं. फेब्रुवारीत रात्री तो जवळजवळ डोक्यावर असतो, बायनॉक्युलरने धुरकट डाग दिसतो, बघून घ्या, ज्याच्यावर काम करायचं त्याला एकदा तोंड दाखवावं.

प्रश्न काय घ्यायचा तर ब्लू स्ट्रॅगलर. गुच्छातले सगळे तारे एकाच वयाचे, मोठे आधी म्हातारे होतात आणि लाल राक्षसी होऊन जातात. पण काही तारे असे असतात की बरोबरीचे सगळे रिटायर झाले आणि हे अजून तालमीत दंड-बैठका काढतायत. तरुण दिसतात, कारण दुसऱ्याचं खाल्लेलं असतं. एकतर दोन तारे एकत्र झाले किंवा जोडीदाराने आपला माल याच्यावर ओतला. ओतून झालं की जोडीदाराचा फक्त गरम गाभा उरतो, श्वेत बटू, आणि तो साध्या प्रकाशात मोठ्या भावाच्या उजेडात अजिबात दिसत नाही. फार-यूव्हीत दिसतो. २०१९ मध्ये यूव्हीआयटीच्या डेटातून एम६७ मधल्या एका ब्लू स्ट्रॅगलरशेजारी असाच एक अगदी हलका श्वेत बटू सापडला, सूर्याच्या पाचव्या हिस्स्याहूनही कमी वजनाचा. एकटा तारा आयुष्य जगून एवढा हलका गाभा सोडूच शकत नाही, विश्वाचं वय पुरणार नाही त्याला, म्हणजे जोडीदाराने याला ओरबाडलंच. पुरावा म्हणतात तो असा.

पाचवी पायरी: डेटा आणायचा

ॲस्ट्रोसॅटचा डेटा इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा सेंटरकडे असतो, त्यांच्या ॲस्ट्रोब्राउझ नावाच्या पोर्टलवर नोंदणी करायची, गुच्छाचं नाव किंवा निर्देशांक टाकायचे, उपकरण यूव्हीआयटी निवडायचं. निरीक्षण ज्यांनी मागितलं त्यांचा काही महिन्यांचा हक्क संपला की डेटा सगळ्यांना खुला होतो. लेव्हल १ म्हणजे कच्चा माल, लेव्हल २ म्हणजे शिजवलेला. सुरुवातीला लेव्हल २ च घ्या. कोणी फुशारकी मारेल की मी लेव्हल १ पासून करतो, करू द्या, तुम्ही नंतर करा.

फाईल मोठ्या असतात. मी पहिली फाईल मोबाईलच्या हॉटस्पॉटवर घेत होतो, रोजचा दीड जीबी संपायचा, मग रात्री बाराची वाट बघायची आणि पावणेबाराला लाईट जायची. डब्ल्यूगेट हा डाउनलोडचा प्रोग्राम -c लावून वापरा, अर्धवट राहिलेलं तिथूनच पुढे सुरू होतं, हे मला चौथ्या दिवशी कळलं. नेट अगदीच रडकं असेल तर फोटो न घेता तयार कॅटलॉगवर काम सुरू करा, व्हिझियर या कॅटलॉगांच्या साइटवर गॅलेक्सचा जीयूव्हीकॅट आहे, सुमारे ८.३ कोटी नोंदींचा, त्यातला तुमच्या गुच्छापुरता तुकडा काही सेकंदात येतो. यूव्हीआयटीच्या छापून आलेल्या पेपरांची टेबलंसुद्धा तिथे शोधा.

सहावी पायरी: फोटो उघडा आणि घाई करू नका

डीएस९ मध्ये फिट्स फाईल (खगोलशास्त्रातले फोटो याच प्रकारात येतात) उघडली की पहिल्यांदा काळा चौकोन दिसतो आणि सगळे म्हणतात फाईल करप्ट आहे. नाहीये. स्केल लॉग करा. गोल चकतीत ठिपके दिसतील. एका पिक्सेलला साधारण ०.४२ आर्कसेकंद. चकतीच्या कडेला एक्सपोजर कमी मिळालेलं असतं, उपग्रह डोलतो त्यामुळे कडेचा भाग कधी आत कधी बाहेर. तिथे काहीही दिसतं. माझा पहिला "नवीन गरम तारा" तिथलाच, घरात पेढे वाटायचे तेवढे राहिले होते, एक्सपोजर मॅप, म्हणजे कुठे किती वेळ प्रकाश मिळाला त्याचा नकाशा, शेजारी लावला तर त्या जागी जेमतेम थोडे सेकंद एक्सपोजर होतं. तेव्हापासून कडेची पट्टी मी आधीच कापून टाकतो.

एक ऑर्बिट साधारण ९८ मिनिटांची, पण फोटो फक्त रात्रीच्या बाजूलाच घेतात, त्यामुळे एका फेरीत फार तर अर्धा तास मिळतो. म्हणजे एक तासाचं एक्सपोजर सलग एक तास नसतं, तुकडे जोडलेले असतात. चमक बदलणाऱ्या ताऱ्यांवर काम करायचं असेल तर हे विसरू नका, नाहीतर ९८ मिनिटांचा खोटा ताल सापडतो आणि माणूस खूश होतो. त्या कामासाठी कर्विट नावाचं पायथन पॅकेज आहे, पण ते दुसऱ्या प्रोजेक्टसाठी ठेवा.

सातवी पायरी: फोटॉन मोजणे, इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

यूव्हीआयटी फोटो "काढत" नाही, ती एकेक फोटॉन मोजते. सेकंदाला सुमारे २९ फ्रेम घेते आणि प्रत्येक फ्रेममध्ये कुठे ठिणगी पडली ते नोंदवते. आता समजा स्टेशनच्या गेटवर एकजण माणसं मोजतोय, दर वेळी डोळे उघडले की कोणी आहे का एवढंच बघतो. एकटा गेला तर बरोबर. दोघं खांद्याला खांदा लावून गेले तर तो एकच मोजतो. तेजस्वी ताऱ्याचं असंच, एका फ्रेममध्ये दोन फोटॉन एकाच जागी आले तर नोंद एकाची. म्हणून तेजस्वी तारे आहेत त्यापेक्षा फिके दिसतात आणि ती भरपाई करावी लागते.

पहिल्या अंदाजाला सूत्र साधं आहे: मोजलेल्या नोंदींना फ्रेमच्या संख्येने भागा, एकातून वजा करा, त्याचा नैसर्गिक लॉग घेऊन चिन्ह उलटं करा, परत फ्रेमच्या संख्येने गुणा. २८.७ फ्रेम धरून करून बघा. सेकंदाला ५ मोजले असतील तर खरे साधारण ५.५, फार फरक नाही. पण २० मोजले असतील तर खरे ३४. फिक्या ताऱ्यांना याची गरजच नाही, पण ब्लू स्ट्रॅगलर तेजस्वी असतात, तिथे हे विसरलात तर तापमान चुकलंच म्हणून समजा. अचूक भरपाईत ताऱ्याच्या पसरलेल्या कडांचाही विचार असतो, ती पद्धत यूव्हीआयटीच्या कॅलिब्रेशनच्या पेपरांत दिलीय, ते पेपर वाचायला कंटाळू नका.

मग मॅग्निट्यूड, म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा फिका. सेकंदाला किती फोटॉन त्याचा दहाच्या पायाचा लॉग, गुणिले उणे अडीच, अधिक झिरो पॉइंट, म्हणजे सेकंदाला एक फोटॉन देणाऱ्या ताऱ्याचा मॅग्निट्यूड. प्रत्येक फिल्टरचा झिरो पॉइंट वेगळा. गॅलेक्सचे पाठ झालेत, फार-यूव्ही १८.८२ आणि नियर-यूव्ही २०.०८. यूव्हीआयटीच्या एफ१४८डब्ल्यू फिल्टरचा १८ च्या आसपास आहे, नेमका आकडा कॅलिब्रेशनच्या ताज्या पेपरातून घ्या आणि कुठल्या वर्षाचा घेतला ते वहीत लिहा, कारण तो सुधारला गेलाय.

उदाहरण करू. ३६०० सेकंदांचं एक्सपोजर, तारा सेकंदाला ०.०५ फोटॉन देतो. म्हणजे एका तासात एकूण १८०. हसू नका, या विषयात १८० फोटॉन म्हणजे बरी कमाई आहे. चूक किती? १८० चं वर्गमूळ साधारण १३.४, म्हणजे साडेसात टक्के, म्हणजे मॅग्निट्यूडमध्ये ०.०८. आणि मॅग्निट्यूड आला साधारण २१.३. एवढं हाताने करा. पहिले दहा तारे हातानेच, मग कोड लिहा. माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी कुठूनतरी कोड उचलला, तीनशे ताऱ्यांचं टेबल आणलं, मस्त दिसत होतं, फक्त पार्श्वभूमी वजा करायची राहून गेली होती.

अजून एक खड्डा. यूव्हीआयटी आणि गॅलेक्सचे मॅग्निट्यूड एबी पद्धतीचे, गायाचे सहसा वेगा पद्धतीचे, दोन्हींचा शून्य वेगळा धरलेला असतो. दोन्ही सरळ वजा करून रंग काढू नका.

आठवी पायरी: कोण आपल्यातला, कोण पाहुणा

फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला गायाच्या यादीतला तारा जोडायचा, टॉपकॅटमध्ये, दीड-दोन आर्कसेकंदांच्या आत. आधी चार-पाच ओळखीचे तारे घेऊन फोटोचे निर्देशांक सरकलेले नाहीत ना ते बघा, असतात बऱ्याचदा. मग सदस्य निवडा. एम६७ चे तारे आकाशात सगळे एकाच दिशेने सरकतात, वर्षाला उजव्या विषुवांशात साधारण उणे ११ मिलिआर्कसेकंद, क्रांतीत उणे २.९, आणि पॅरॅलॅक्स, म्हणजे ज्यावरून अंतर काढतात तो कोन, १.१५ मिलिआर्कसेकंदाच्या जवळ. लग्नाच्या वरातीत कोण घरचा आणि कोण जेवायला आलेला हे चालण्यावरून कळतं तसं. आलेख काढला की घरचे एका ठिकाणी गच्च जमलेले दिसतात.

मग धूळ. दृश्य प्रकाशापेक्षा अल्ट्राव्हायोलेटला धूळ दुपटी-अडीचपटीने जास्त अडवते. धुळीने तारे किती तांबडे केले ते सांगणारा, ज्याला ई बी-व्ही म्हणतात, तो आकडा एम६७ साठी फक्त ०.०४ च्या आसपास, फार-यूव्हीत त्याला ८ ने गुणा, ०.३२ मॅग्निट्यूड. आकाशगंगेच्या पट्ट्यातला गुच्छ घेतलात आणि हा आकडा ०.५ निघाला तर ४ मॅग्निट्यूड गेले, म्हणजे चाळीस फोटॉनातला एक पोचला. म्हणून म्हटलं एम६७ घ्या.

नववी पायरी: गरम आहे, पण कशामुळे

आता खरी मजा. स्पॅनिश लोकांचं व्होसा नावाचं ऑनलाइन साधन आहे, त्यात ताऱ्याचे सगळे मॅग्निट्यूड टाकायचे, अल्ट्राव्हायोलेटपासून इन्फ्रारेडपर्यंत, तो त्यावर मॉडेल बसवतो. एकच तारा असेल तर एक वक्र सगळ्या बिंदूंतून जातो. जोडीदार असेल तर दृश्य आणि इन्फ्रारेड छान बसतं आणि फार-यूव्हीचा बिंदू वर लटकत राहतो. तेव्हा दुसरं गरम मॉडेल जोडायचं.

पण लटकलेला बिंदू दिसला की लगेच श्वेत बटू, श्वेत बटू म्हणून ओरडू नका. आधी त्रिज्या बघा. अंतर गायाकडून माहीत आहे, त्यामुळे प्रकाशावरून आकार निघतो. सूर्याच्या शंभराव्या हिस्स्यापासून काही शंभरांशापर्यंत आला तर श्वेत बटू पटतो. ०.२ च्या जवळ आला तर सबड्वार्फ, म्हणजे श्वेत बटूपेक्षा मोठा पण गरम छोटा तारा, असेल. एकापेक्षा मोठा आला तर कुठेतरी गडबड आहे, बहुतेक वेळा शेजारच्या ताऱ्याचा प्रकाश मिसळलाय किंवा आपली भरपाई चुकलीय.

आणि सगळं बरोबर असूनही फसायला होतं. ताऱ्याच्या वरच्या थरात चुंबकीय धामधूम असेल तर थंड ताराही फार-यूव्हीत चमकतो, १५५ नॅनोमीटरजवळची कार्बनची रेषा त्याला उजळवते. एकमेकांना चिकटून वेगाने फिरणाऱ्या जोड्या यात हमखास फसवतात. म्हणून एक्स-रे मध्ये हा तारा दिसलाय का ते सिंबॅडवर, ताऱ्यांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या साइटवर, बघा. दिसला असेल तर दोनदा विचार करा. तिसरा फसवा म्हणजे क्वेसार, अब्जावधी प्रकाशवर्षं मागचा, पण ठिपका ताऱ्यासारखाच निळा. त्याची गायातली चाल जवळजवळ शून्य असते, तिथे पकडला जातो. माझ्या वहीत १७ नंबरच्या ताऱ्यासमोर लिहिलंय, "गरम आहे. आपला नाही. काट." तीन आठवडे लागले होते ते दोन शब्द लिहायला.

दहावी पायरी: अडलं तर, आणि झालं तर

अडणार, नक्की अडणार. पुण्याला आयुकामध्ये ॲस्ट्रोसॅटचा सायन्स सपोर्ट सेल आहे आणि यूव्हीआयटीचं मुख्य घर बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था. मेल करताना "सर प्लीज गाइड मी" असं एका ओळीत लिहू नका, त्याला कोणी उत्तर देत नाही आणि देऊही नये. निरीक्षणाचा आयडी, फिल्टर, काय केलं, कुठला आकडा आला आणि कुठला अपेक्षित होता, एवढं पाच ओळींत लिहा. वही असेल तर हे पाच मिनिटात होतं, नसेल तर आठवडा जातो.

प्रोजेक्ट रिपोर्ट लिहाल तेव्हा डेटा ॲस्ट्रोसॅटचा आहे आणि आयएसएसडीसीकडून घेतला हे आभारात लिहायचं, गाया, व्होसा, सिंबॅड प्रत्येकाचं आभाराचं ठरलेलं वाक्य त्यांच्या त्यांच्या पानावर असतं, ते जसंच्या तसं उचलायचं. आणि शेवटचं टेबल देताना नापास झालेले तारेही द्या, कुठल्या कारणाने काटले ते एका रकान्यात लिहून. आमच्या पहिल्या रिपोर्टमध्ये तो रकाना नव्हता, व्हायव्हाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि पोरगं बिचारं माझ्याकडे बघत बसलं.